विहिरीला कठडा, सड्याला सनद

गावात मोठा हाउसिंग प्रोजेक्ट आला की ग्रामसभेत पाण्यावरून भांडण होतं आणि ते दरवेळी एकाच प्रश्नावर होतं, यांना पाणी कुठनं देणार? मग बिल्डरचा माणूस उठतो, सांगतो की नळाचं कनेक्शन घेऊ, नाही पुरलं तर टँकर आहे, शिवाय आमची स्वतःची बोअर असेल, गावच्या विहिरीला हात लावणार नाही. तेवढ्यावर अर्धी सभा गप्प होते. मला वाटतं आपण प्रश्न अर्धाच विचारतो. ते पाणी कुठनं आणणार हे विचाराच, पण त्याच्या आधी हे विचारा की ज्या जागेवर ते बांधतायत ती जागा आज आपल्याला किती पाणी देतेय. आणि ती जागा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार, असेल तर उत्तर बहुतेक वेळा असं येतं की खालच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, विहिरी, झर, कुळागर (माडा-पोफळीची बाग) सगळं तिच्याच जीवावर चाललंय.

आमचा गाव गोव्याच्या फोंडा तालुक्यात, सड्याच्या पायथ्याला. वर सपाट सडा, उतारावर काजू, मग घरं, त्याखाली कुळागरं, शेवटी शेत आणि व्हाळ, म्हणजे ओढा. गोव्याच्या मधल्या पट्ट्यातले कितीतरी गाव असेच वरून खाली रचलेत आणि हे कोणी गंमत म्हणून केलेलं नाही, झर जिथे फुटते तिच्या आसपास घर, तिच्याखाली माडा-पोफळीचं कुळागर, असा सरळ हिशोब होता. अंत्रूज महालातल्या, म्हणजे आमच्या फोंडा भागातल्या, देवळांच्या तळ्या बघा कुठे आहेत, डोंगराच्या कुशीत, उतार संपतो तिथेच. पणजीतल्या फोंताइन्यशचं नावच मुळी झऱ्यांवरनं पडलंय आणि तिच्या डोक्यावर आल्तिनोची टेकडी आहे. केसरवाळच्या झरीवर मे महिन्यात आंघोळीला गेलेले लोक वाचत असतील तर त्यांनी आठवून बघावं, झरीच्या वर काय आहे? वेर्ण्याचा सडा.

यामागचं कारण म्हणजे जांभा. ज्याचे चिरे काढून आपण घरं बांधतो तोच दगड, भोकाभोकांचा, आतून नळ्यानळ्यांचा. गोव्यात वर्षाला ढोबळमानाने ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तर सड्यावर पडलेल्या पावसातला काही भाग या भोकांतनं खाली उतरतो. जांभ्याच्या खाली चिकणमातीचा थर असतो, त्यातनं पाणी सहज जात नाही, मग ते त्या थरावरनं आडवं सरकत राहतं आणि डोंगराच्या बाजूला जिथे हा थर उघडा पडतो तिथे बाहेर येतं. त्यालाच आपण झर म्हणतो. विहीरही तिथेच चांगली लागते. म्हणजे जानेवारीत आपण जे पाणी काढतो ते जुलैत आपल्या डोक्यावरच्या सड्यानं आत घेतलेलं असतं.

आणि याच सड्याला कागदावर काय म्हणतात? पडीक. एप्रिलमध्ये बघितलं तर वाटतंही तसंच, काळा दगड, करपलेलं गवत, दोनचार करवंदीची झुडपं, गुराखीसुद्धा चारनंतरच वर जातो. शेत दिसलं की लोक म्हणतात इथे बांधू नका, जंगल दिसलं की म्हणतात तोडू नका, सडा दिसला की म्हणतात बांधा की, तिथे काय आहे? सरकारी आराखड्याचं डोकंही साधारण असंच चालतं. गोव्याचा २०२१ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा बघा, त्यात तीव्र उतार, म्हणजे २५ टक्क्यांच्या वरचे, बांधकामाला बंद ठेवले, खाजनं (बांध घालून राखलेली खाडीकाठची शेतं), पाण्याच्या जागा राखून ठेवल्या. चांगलंच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. नगरनियोजन कायद्यात १७अ कलम आहे, परवानगीशिवाय डोंगर कापायचा नाही, सखल जमीन बुजवायची नाही. तेही बरोबर. पण सडा सपाट असतो ना! उताराचा नियम त्याला लागत नाही, सखल तो नाही, झाडं नाहीत म्हणून जंगल नाही, पीक नाही म्हणून शेत नाही. पाणी जिथे दिसतं त्या जागेला आपण राखतो आणि पाणी जिथनं येतं तिला सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी, देऊन मोकळे होतो. विहिरीला कठडा बांधायचा, वर जाळी घालायची, आमदार निधीचा बोर्ड लावायचा आणि तिच्यात पाणी घालणारा सडा सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरं बांधायच्या पट्ट्यात, टाकायचा, असा हा प्रकार आहे.

थोडं गणित करूया, कंटाळा येईल पण करूया. एक हेक्टरचा, म्हणजे १०,००० चौरस मीटरचा प्लॉट सड्यावर आहे, त्यावर १०० फ्लॅट येतायत. ३ मीटर पाऊस म्हणजे या प्लॉटवर वर्षाला ३ कोटी लिटर पाणी पडतं. भूजलाची सरकारी मोजणी करताना जांभ्या जमिनीत पावसाच्या ७ टक्के पाणी खाली जिरतं असा ठोकताळा धरतात, त्या हिशोबानं झाले २१ लाख लिटर. दहा हजार लिटरचे २१० टँकर. म्हणजे तो ओसाड दिसणारा दगड दर वर्षी २१० टँकर फुकटात भरून खालच्या वाड्याला देतो, ड्रायव्हर नाही, डिझेल नाही. आता फ्लॅटवाल्यांचं बघा. घरटी चार माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर असं नियोजनात धरतात, तर १०० फ्लॅटना दिवसाला ५४,००० लिटर लागतात. सड्याचे ते २१ लाख लिटर यांना ३९ दिवस पुरतील. (स्विमिंग पूल मी धरलेलाच नाही. हल्ली टू-बीएचकेच्या जाहिरातीतसुद्धा पूल असतो.)

इथपर्यंतचं सगळ्यांना कळतं, कमी-जास्त आकड्यांनी ग्रामसभेत कोणीतरी बोलतंही. पण पुढचा हिशोब कोणी मांडत नाही आणि खरा घोळ तिथेच आहे. ५४,००० लिटर पाणी आत आलं तर त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे दिवसाला ४३,००० लिटरच्या वर, वर्षाला दीड कोटी लिटर. आपल्या बहुतेक गावांत गटार लाइन नाही. मग हे पाणी जाणार कुठे? सेप्टिक टँक आणि सोक पिट, म्हणजे पाणी जमिनीत जिरवायचा शोषखड्डा, नाहीतर एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. सोक पिट असेल तर ते दीड कोटी लिटर त्याच जांभ्यात, त्याच नळ्यांतनं, त्याच झरीकडे निघालं. पावसाचं येत होतं २१ लाख, आता सांडपाणी त्याच्या सात पट. अर्धे फ्लॅट वर्षभर बंद असतात असं धरलं तरी साडेतीन पट. मग झर आटणार नाही हो, उलट मे महिन्यातसुद्धा जोरात वाहील आणि बिल्डरचा माणूस येऊन फोटो काढून जाईल, बघा तुम्ही उगाच घाबरत होता!

सोक पिट विहिरीपासून किती लांब हवा याला नियम आहेत, भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटरचं अंतर दिलंय. पण अंतराचा नियम हा मातीच्या भरवशावर असतो, पाणी मातीतनं हळूहळू गाळत जाईल, वाटेत जंतू मरतील असं त्यात गृहीत असतं. जांभा गाळत नाही, पोचवतो. एखाद्या नळीला सोक पिट लागला तर १८ मीटर काय आणि ८० मीटर काय. जर्मनीत पिण्याच्या पाण्याच्या स्रोताभोवती संरक्षणाचे पट्टे आखतात, त्यातल्या एका पट्ट्याची हद्द मीटरवर नसते, दिवसांवर असते. जमिनीखालनं ज्या जागेवरनं विहिरीपर्यंत यायला पाण्याला ५० दिवस लागतात तिथपर्यंतचा सगळा भाग राखीव, कारण तेवढ्या दिवसांत रोगजंतू बहुतेक मरतात. आपल्याकडे जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी गढूळ होतं, हे लहानपणापासून आपण बघतोय. तेवढ्यावरनंच कळावं की आपल्या सड्यावरनं विहिरीपर्यंत यायला पाण्याला पन्नास दिवस लागत नाहीत.

एसटीपी लावला की प्रश्न मिटला असं म्हणणारे भेटतात. कागदावर मिटतो. एसटीपी म्हणजे चोवीस तास हवा सोडत चालणारा ब्लोअर, त्याचं लाइट बिल, ऑपरेटर, गाळ उपसणं. बिल्डर ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला जायचा दाखला, मिळेपर्यंत चालवतो, मग सोसायटीच्या गळ्यात, आणि सोसायटीतले निम्मे मालक बाहेरगावी, मेंटेनन्स कोणी भरत नाही, पहिली काटछाट कुठे होते सांगायला नको. माझ्या ओळखीच्या एका कॉम्प्लेक्समध्ये तो ब्लोअर फक्त तपासणीच्या दिवशी चालतो. तिथला वॉचमन हसत सांगत होता, आज आवाज येतोय म्हणजे साहेब येणार. आणि खालच्या वाड्यावर आमच्या एक मावशी आहेत, त्यांनी दोन वर्षांमागे विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं, वास येतो म्हणाल्या, तपासून घेतलं तर पिण्यालायक नाही असा रिपोर्ट आला. वास वरच्या कॉम्प्लेक्सचाच हे त्या सिद्ध करू शकत नाहीत, मीही नाही. जमिनीखालच्या वाटेचा पंचनामा कसा करणार? म्हणूनच हा प्रश्न नंतर सुटत नाही, आधीच अडवावा लागतो.

बोअर "खोलवरचं" पाणी घेते, विहिरींना धक्का नाही, हा दुसरा आवडता डायलॉग. खालच्या दगडाच्या भेगांत पाणी वरच्याच थरातनं झिरपून गेलेलं असतं, खाली काय कोणी वेगळी टाकी ठेवलेली नाही. किनाऱ्यावर तर याहून वाईट. कांदोळी-कोलवासारख्या रेतीच्या पट्ट्यात गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आणि पुस्तकी हिशोब असा की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटर गोडं पाणी असतं. उलटं वाचा. वर १ मीटर उपसलं की खारं पाणी ४० मीटर वर येऊ बघतं. आणि एकदा विहीर खारी झाली की ती गोडी व्हायला किती पावसाळे लागतील ते देव जाणे.

डोंगर कापून बेसमेंट पार्किंग करतात तेव्हा काय होतं हे पावसात साइटवर जाऊन बघावं. कापलेल्या भिंतीतनं पाणी गळत असतं, पंप चोवीस तास चालू, पाइप रस्त्याच्या गटारात सोडलेला. ते गळणारं पाणी म्हणजेच झर, फक्त ती आता दोनशे मीटर वरती, चुकीच्या जागी आणि चुकीच्या महिन्यात वाहतेय. डिचोलीकडच्या लोकांना हे नवीन नाही, शिरगावला खाणींनी पाण्याच्या पातळीच्या खाली खोदून उपसा केला आणि गावच्या विहिरी-झरी आटल्या. खाण मोठी असते म्हणून डोळ्यात आली, बेसमेंट छोटं असतं म्हणून येत नाही, पण दहा बेसमेंट एकाच उतारावर आली की?

आता कायदा काय करतो? २००२ चा गोवा भूजल नियमन कायदा आहे, विहीर किंवा बोअर मारायला परवानगी, टँकरनं पाणी न्यायला नोंदणी, सगळं त्यात आहे. पण तो मुख्यतः उपशाचा कायदा आहे, पाणी किती काढलं ते तो बघतो, पाणी आत कुठनं जातं ती जागा राखायचं काम त्याच्यानं होत नाही. पर्यावरण मंजुरी २०,००० चौरस मीटर बांधकामाच्या वर लागते, म्हणजे एकाच सड्यावर अठरा-अठरा हजारांचे पाच प्रोजेक्ट वेगवेगळ्या नावांनी आले तर सड्याचं काय होणार हे कोणी कोणाला विचारत नाही. त्यात केंद्राच्या भूजल अहवालात गोव्याचे तालुके "सुरक्षित" म्हणून लागतात, मग अधिकारी तोच कागद पुढे करतात. तो कागद खोटा नाहीये. पण तो अख्ख्या तालुक्याची वर्षभराची बेरीज सांगतो. आपली जांभ्याची विहीर ऑगस्टमध्ये काठोकाठ आणि मेमध्ये तळाला, सरासरी काढली तर मस्तच दिसणार. तहान काय सरासरीनं लागते?

झोन बदलाचं तर बोलायलाच नको. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) कलम आणलं, आराखड्यातल्या "चुका" दुरुस्त करायच्या म्हणून एकेक सर्वे नंबर उचलून झोन बदलायचे. मार्च २०२५ मध्ये हायकोर्टानं त्याखालचे नियम रद्द केले. त्याच्या आधीच २०२४ मध्ये ३९अ कलम आलं होतं, त्यातही एकेका प्लॉटचा अर्ज, तीस दिवसांत हरकती. यातल्या राजकारणावर भरपूर लिहिलं गेलंय, मला फक्त पाण्यापुरतं बोलायचंय. एका झरीला पाणी देणारा सडा साठ-सत्तर सर्वे नंबरांत पसरलेला असतो. त्यातला एक नंबर दिला तर झरीला काही होत नाही, हे अगदी खरं आहे. दुसरा दिला तरी होत नाही. तिसावा दिला की झर मार्चमध्ये बंद पडते, आणि त्या तिसाव्या अर्जदाराला विचारलं तर तो म्हणणार, एकोणतीस लोकांना दिलं मग मलाच का नाही? त्याचंही बरोबर आहे. प्लॉटनिहाय विचार करणाऱ्या पद्धतीत झर हा विषय बसतच नाही.

मग लोकांनी राहायचं कुठे, असं मला माझाच चुलतभाऊ विचारतो, तो फोंड्यात भाड्यानं राहतो, त्याचा प्रश्न खोटा नाही. पण २०११ च्या जनगणनेत गोव्यात दर पाच घरांमागे साधारण एक घर रिकामं होतं. सड्यावर उगवणारे सगळे मजले माझ्या चुलतभावासाठी बांधतायत असं कोणी म्हणत असेल तर त्यांनी ब्रोशर उघडून किंमत बघावी. आणि मी सडा म्हणजे देवाची जागा, कोणी पाय ठेवू नये असंही म्हणत नाही. काही सड्यांवर, काही भागांत, गटार लाइन आधी टाकून, निम्म्याहून जास्त जमीन उघडी ठेवून बांधता येईल. पण कुठे, ते पाण्यानं ठरवू दे, ज्याच्याकडे जमिनीची फाइल आहे त्यानं नाही.

"नळ आहे ना" हाही मुद्दा ऐकतो. ओपाच्या पाणीपुरवठा प्रकल्पातनं येतं ते खांडेपार नदीचं पाणी, आणि मे महिन्यात कुठल्याही आपल्या नदीत जे वाहतं ते बरंचसं डोंगरांनी पावसात आत घेऊन नंतर हळूहळू सोडलेलं पाणी असतं. सगळे सडे झाकले तर नळही त्याच रांगेत येईल, थोडा मागे इतकंच. आणि रेन वॉटर हार्वेस्टिंग करा, जरूर करा, छपराचं स्वच्छ पाणी साठवा, पण जुलैच्या शेवटी जांभा तुडुंब भरलेला असतो, तेव्हा खड्ड्यात घातलेलं पाणी वरनंच वाहून जातं. त्यात पार्किंगमधलं तेलकट पाणी बोअरमध्ये सोडणारे महाभाग आहेत, त्याला रिचार्ज म्हणतात आणि वर प्रोजेक्टला ग्रीन म्हणून विकतात.

आपलंही सांगतो, नाहीतर वाटेल सगळं बिल्डरवर ढकललं. माझ्या स्वतःच्या आंगणात आम्ही सात वर्षांमागे पेव्हर्स घातले, चिखल होतो म्हणून. आमचा सेप्टिक टँक बाबांनी बांधला तेव्हा विहिरीपासून किती लांब हे कोणी मोजलं नव्हतं. नळ आल्यावर वाड्यावरच्या दोन विहिरी लोकांनी कचऱ्यानं भरल्या, त्यातल्या एकीत गणपतीचं निर्माल्य मीही टाकलंय. पाणी दिसेनासं झालं की आपणही त्याचे उरत नाही.

मग करायचं काय? माझं मागणं एकच आहे, क्रम उलटा करा. आज आधी झोन, मग सनद, मग टेक्निकल क्लिअरन्स, मग पंचायतीचं लायसन्स आणि सगळ्यात शेवटी पाण्याची एनओसी, तोपर्यंत बिल्डरचे पैसे अडकलेले असतात आणि नाही म्हणायची कोणाची टाप नसते. त्याऐवजी आधी गावाच्या प्रत्येक झरीचा, तळीचा, सार्वजनिक विहिरीचा नकाशा, आणि प्रत्येकीला पाणी देणारा वरचा भाग त्यावर आखलेला. हे अशक्य नाही, सिक्कीममध्ये २००८ पासून धारा विकास नावानं हेच चाललंय, तिथे भूजलाचा अभ्यास करून डोंगरमाथ्यावरची नेमकी जागा शोधतात आणि तिथे चर खणून पाणी जिरवतात, तेव्हा खालचे झरे सुधारतात. त्यांना माथ्यावर चर खणावे लागतात, आपल्याकडे जांभा आहे, आपल्याला नुसतं काँक्रीट घालू नका एवढंच करायचंय! २०२१ च्या आराखड्याच्या वेळी गावागावांत नकाशे आले होते, लोकांनी बसून सूचना लिहिल्या होत्या, म्हणजे सवय आहे आपल्याला. पंचायतींच्या जैवविविधता समित्या आहेत, त्यांच्या नोंदवहीत झरी लिहायला जागा आहे. भूजलाचा अहवाल बिल्डरनं आपल्या पैशानं आपल्या माणसाकडनं आणायचा नाही, फी पंचायतीत भरायची आणि भूजलतज्ज्ञ पंचायतीनं नेमायचा. आणि मोजणी मे महिन्यात. ऑगस्टमध्ये केलेली पाण्याची पाहणी मी तरी मानणार नाही.

आम्ही वाड्यावर छोटीशी सुरुवात केलीय. दोरीला हातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड, आणि दर महिन्याच्या पंधरा तारखेला अकरा विहिरींत सोडून कितवी गाठ ओली झाली ते शाळेतली पोरं वहीत लिहितात. तीन वर्षं झाली. अक्षर वाईट आहे, दोन महिने परीक्षेमुळे गाळलेत, पण वही आहे. सड्यावर नवीन प्रोजेक्ट येतोय अशी बातमी आल्यावर तिची झेरॉक्स घेऊन मी पंचायतीत गेलो. सेक्रेटरी भला माणूस, त्यानं सगळी पानं चाळली, शिक्का मारला, मग पेन थांबवून विचारलं की ही कुठल्या फायलीला लावू? म्हटलं, सड्याच्या. तो म्हणाला, सड्याची फाइल आपल्याकडे नसते, ती पणजीला. मग त्यानं ती विहिरींच्या दुरुस्तीच्या फायलीला लावली.